पाठमोरी

तपासणी संपली. टेबलावरचा दिवा शेवटचा लागून विझला, आलेखावर शेवटची खूण झाली, आणि ती खुर्चीवरून उठायला गेली तर पायात काहीतरी अडकलं. वाकून पाहिलं तर हेडफोनची वायर. जी पिन भिंतीतल्या जोडणीत घट्ट बसलेली असायला हवी ती टेबलाखाली जमिनीवर पडली होती. सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या बाईंनी टेबल सरकवलं असणार, तेव्हाच ती निसटली असणार. म्हणजे इतका वेळ ती मशीनची चकती फिरवून जे आवाज सोडत होती, बारीक, जाड, चिमणीसारखे, लांबून जाणाऱ्या ट्रकसारखे, त्यांतला एकही काचेपलीकडे पोचला नव्हता. आणि काचेपलीकडे, त्या बंद खोलीत, तिची मुलगी कानांवर हेडफोन चढवून, हातात बटण धरून शाबासकीची वाट बघत बसली होती. आवाज आला की बटण दाबायचं, बटण दाबलं की आईच्या टेबलावर दिवा लागतो, एवढाच तो खेळ. आज दिवा जवळजवळ प्रत्येक आवाजाला लागला होता. मागच्या खेपेपेक्षाही आलेख चांगला आला होता.

पहिला क्षण, खोटं कशाला बोलायचं, आनंदाचा होता. तिला वाटलं, वायरीशिवाय ऐकवणारा कोणीतरी आहेच, त्याने आज दाखवून दिलं. ती टेबलाखाली तशीच वाकलेली राहिली आणि पुटपुटली, प्रभू, प्रभू. मग तिने जमिनीवरची पिन पुन्हा पाहिली. कानांचे आजार, नसा, पडदे, हाडं यांच्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. न सोडलेला आवाज ऐकू येत नाही, आणि ऐकू येतो म्हणणाऱ्या माणसाबद्दल तिच्या धंद्यात काय लिहितात तेही तिला पाठ होतं. तपासणारी मुद्दाम अधूनमधून गप्प बसते, काहीच सोडत नाही, आणि तेव्हाही बटण दाबणाऱ्याचा आलेख बाजूला ठेवते. हे सगळं ती नव्या मुलींना शिकवायची. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मात्र ती एकदाही गप्प बसलेली नव्हती. तिने पिन उचलली, हातात धरली, परत लावली नाही. काचेतून खारू तिच्याकडे बघून अंगठा वर करून दाखवत होती, आणि तिनेही सवयीने अंगठा वर केला.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची म्हणून आजीने खारू म्हटलं आणि तेच चिकटलं. शाळेत जायला लागली त्या वर्षी तिने मागून मारलेल्या हाकेला ओ देणं सोडलं. सगळे म्हणाले, आगाऊ झालीय. आई कानांची तपासनीस, पण तिनेही तेच म्हटलं, आणि तेच मानायला तिला बरं वाटलं. मग एका दुपारी स्वयंपाकघरात आईच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. फरशीवर असं गरगरत गेलं की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. खारू पाठ करून चित्र रंगवत होती, तिचा खडू जरासुद्धा थांबला नाही. तिच्याच दवाखान्यातल्या सर्जननी तपासलं, कानांच्या आतली चित्रं काढवली आणि नेहमीच्या शांत आवाजात सांगितलं की दोन्ही कानांचं ऐकणं उतरत चाललंय आणि उतरतच जाणार. यंत्र बसवता येईल, कानाच्या आत, शस्त्रक्रियेने. मुलगी लहान आहे, लवकर केलं तर पुष्कळ फायदा. नस जितकी जास्त दिवस गप्प राहील तितकी ती आवाज विसरत जाते. पण यंत्र बसवताना जे उरलंसुरलं स्वतःचं ऐकणं आहे ते बहुतेक जातं. हे शेवटचं वाक्य सर्जन सगळ्यांनाच सांगायचे. तिने ते शेकडो आईबापांना स्वतः समजावून सांगितलं होतं, पेन आणि कागद घेऊन. त्या दिवशी ते तिच्या छातीत जाऊन बसलं. उरलंसुरलं जातं. म्हणजे मग देवाने बरं करायचं ठरवलं तर बरं करायला काय उरलं? आपल्याच हाताने त्याचं दार लावून घ्यायचं आणि मग बाहेर उभं राहून म्हणायचं का, ये म्हणून?

नवऱ्याला हे असलं कळत नसे. तो फ्रिज दुरुस्त करायचा. बिघडलेला भाग काढायचा आणि दुसरा घालायचा, यात देवाला राग येण्यासारखं काय आहे, असं तो म्हणाला होता, आणि तिने त्याच्याशी त्या दिवशी बोलणं टाकलं होतं. तिने थोडा वेळ मागितला. प्रार्थनेसाठी. सर्जननी नाइलाजाने मान हलवली, आणि दर महिन्याला तपासणी करून आलेख दाखवायचा असं ठरलं. दुसरी तपासनीस बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि खारू परक्या बाईसमोर त्या खोलीत बसायलाच तयार नव्हती, रडून गोंधळ घालायची. त्या खोलीला दवाखान्यात सगळे कपाट म्हणायचे. जाड भिंती, जाड दार, आत गेलं की स्वतःच्या पोटातले आवाज ऐकू येतात. शेवटी आईच बसली मशीनवर.

चर्चमध्ये गुरुवारी बायकांची प्रार्थनासभा असे. तिथे बेकरीवाली मावशी होती, अंगाने भरलेली, मायाळू, हाताला कायम लोण्याचा वास. तिने खारूच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बाकीच्यांनी आमेन म्हटलं. एक महिना गेला, आलेख आणखी खाली गेला. मग मावशीने तिला बाजूला घेऊन, अगदी प्रेमाने, विचारलं की मनात कुणाबद्दल काही धरून ठेवलंयस का, कारण नळाला पाणी असतं पण मध्येच कुठेतरी कचरा अडकलेला असतो. त्या रात्रीपासून तिची झोप उडाली. ती स्वतःचं मन उलटंपालटं करून कचरा शोधू लागली. थोरल्या बहिणीशी ती आईच्या आजारपणापासून बोलत नव्हती, तिला फोन करून रडून माफी मागितली. बहीण इतकी घाबरली की तिला वाटलं घरात कुणी गेलं. तरी आलेख खालीच. मग तिने उपवास धरले. मग तिला वाटलं, उपवासाचा आपल्याला अभिमान वाटतोय, तेच आडवं येत असेल. मग वाटलं, आपण मागतो ते खारूसाठी की स्वतःसाठी? मुलगी बहिरी असलेली कानांची तपासनीस म्हणून लोक हसतील, त्या लाजेपोटी तर मागत नाही ना? एक कारण निस्तरावं तर त्याखालून दुसरं निघे. आणि सगळ्यांत वाईट होती ती शंकेची भीती. शंका आली तर प्रार्थना नासते हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. त्यामुळे ती आपल्या मनावर अशी नजर ठेवून असायची जशी गॅसवरच्या दुधावर ठेवतात. आणि दूध जसं नेमकं नजर वळली की उतू जातं, तशी शंका यायची. भांडी घासताना यायची, बसच्या रांगेत यायची. नाही ऐकणार तो. का ऐकावं त्याने. मग ती घाईघाईने मनातल्या मनात क्षमा मागायची आणि आसपास बघायची, जणू कुणाच्या नजरेस पडलं.

सासूबाईंना एकदा तिने विचारलंच. सासूबाई रोज पलंगाच्या कडेला गुडघे टेकून बसायच्या आणि सगळ्या गल्लीसाठी मागायच्या, समोरच्यांच्या लंगड्या कुत्र्यासकट. सासरे खाणीच्या अपघातात वारले होते. आत अडकले होते तेव्हा सासूबाई बाहेर तारेच्या कुंपणाला धरून प्रार्थना करत होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. तिने विचारलं, तेव्हा का ऐकलं नसेल हो त्याने? सासूबाई गुडघे चोळू लागल्या.

"मी नाही विचारलं त्याला परत," त्या म्हणाल्या. "क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत त्याच्या स्वतःच्या लेकाचंही ऐकलं नव्हतं त्याने. मी विचारायचं आणि त्याने खरंच सांगितलं तर? मला भीती वाटते गं. मी आपली कुत्र्यासाठी मागते."

आणि मग आलेख वर चढला होता. दोन खेपा लागोपाठ. कपाटात खारू बसली, आणि जिथे गेले काही महिने दिवा लागत नव्हता तिथे दिवा लागू लागला. तिने चकती आणखी खाली फिरवली, आवाज आणखी बारीक केला, तरी दिवा लागला. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी तिला पुढे बोलावलं आणि देवाने काय केलं त्याची तिने साक्ष दिली, सगळ्या मंडळीसमोर, खारूचा हात हातात धरून. लोक रडले. बेकरीवाल्या मावशीने केक आणला. सर्जननी मात्र आलेख जुन्या आलेखाशेजारी धरून पाहिला, असं सहसा होत नाही म्हणाले, मग हसून म्हणाले की तुमच्या देवाने माझं गिऱ्हाईक पळवलं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. गेल्या आठवड्यात रस्त्याने चालताना मागून सायकल आली. सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला, खारू आपली रस्त्याच्या मधोमध उड्या मारत चाललेली. नवऱ्याने तिची कॉलर धरून तिला खेचली. मग त्याने बायकोकडे फक्त पाहिलं. ती म्हणाली होती, तिचं लक्ष नव्हतं. त्याने मान डोलावली, पण उरलेल्या रस्ताभर त्याने ती कॉलर सोडली नाही. आता टेबलापाशी पिन हातात घेऊन उभी असताना तिला ती मुरगळलेली कॉलर दिसत राहिली. तिला कळत नव्हतं असं नव्हतं. तिने कळून घेतलं नव्हतं. कळणं म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे नासलेली प्रार्थना.

तिने कपाटाचं जड दार उघडलं. खारूने हेडफोन काढले आणि विचारलं, "झालं? मी जिंकले?" आवाज जरा जास्तच मोठा. हा आवाज असा कधीपासून मोठा झाला? तिने खारूसमोर गुडघ्यांवर बसून तिचे दोन्ही हात धरले. दुपारी सर्जनना आलेख दाखवायचा होता, नवराही तेव्हा येणार होता. बाहेरच्या बाकांवर माणसं आपापली पाळी येण्याची वाट बघत होती. तिला वाटलं विचारूच नये. पिन लावून टाकावी, आलेख फाईलमध्ये ठेवावा, सर्जन म्हणतील छान, आणि आणखी एक महिना मिळेल. कोण बघतंय? लगेच पाठोपाठ वाटलं, बघणारा बघतोय, आणि आता तिला त्याचीच भीती वाटली. इतके दिवस ती त्याच्या न बघण्याला घाबरत होती.

"खारू, मी रागावणार नाही," ती सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली. "आवाज आला हे तुला कसं कळत होतं?"

खारूला प्रश्नच समजला नाही. कसं म्हणजे? येतो तेव्हा कळतो. मग आईला एवढंही येत नाही याची तिला गंमत वाटली असावी. "थांब, दाखवते," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले. नुसते मिटले नाहीत, घट्ट आवळले. भुवया जवळ आणल्या, मान जराशी खाली घातली, आणि आवाज न करता ओठ भराभर हलवले. मग डोळे उघडून तिने हवेत बटण दाबलं. "असं होतं तेव्हा. आणि बारीक आवाज असतो ना, तेव्हा असं." पुन्हा डोळे मिटले, या वेळी गालही वर ओढले गेले, हनुवटी थरथरली, ओठ अधिकच जोराने हलले. पोर नक्कल करण्यात पटाईत होती. घरी ती पाळकसाहेबांची, शाळेतल्या बाईंची, लंगड्या कुत्र्याचीही नक्कल करायची आणि आजी पोट धरून हसायची.

प्रभू, ऐकू दे. प्रत्येक आवाज सोडताना ती हेच म्हणत आली होती. चकतीवरचा हात मुलांना दिसू नये म्हणून टेबलावर पुठ्ठ्याची आडभिंत असते, मुलं चलाख असतात, हातावरून ओळखतात. ते तिला ठाऊक होतं, पुठ्ठा तिने नीट लावला होता. हात झाकला आणि काचेसमोर तोंड तसंच उघडं ठेवून बसली. आवाज जितका बारीक होत जाई तितकी तिची प्रार्थना वाढत जाई, आणि जितकी प्रार्थना वाढे तितकं ते खारूला स्वच्छ दिसे. म्हणून तर आलेख नेमका तिथेच चढला होता. प्रार्थनेला उत्तर मिळालं होतं खरं, पण ते तिनेच विचारून तिनेच दिलेलं होतं. मध्ये ही एवढीशी पोर निरोप्यासारखी उभी, तिच्या तोंडचं तिलाच परत आणून देत. आणि या सगळ्यात महिने गेले होते. नस गप्प होती. नस विसरत चालली होती. तिने देवाचं दार उघडं ठेवलं होतं ना, त्या दारातून हे महिने निघून गेले. तिला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? आणि त्याहून भयंकर एक गोष्ट होती, ती मनात हळूहळू वर येत होती. तो चेहरा. खारूने दाखवलेला. तिने प्रार्थना करताना स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं आपला चेहरा शांत असतो, सासूबाईंसारखा. हा चेहरा तर मार खाणाऱ्या माणसाचा होता. वर हात उगारलेला कोणीतरी आहे आणि तो खाली यायच्या आत बोलून घ्यायचंय, असा. हाच चेहरा घेऊन आपण त्याच्यासमोर रोज जात होतो. आणि ही पोर आपल्याकडून ऐकणं म्हणून हेच शिकली.

"रडतेस का?" खारूने विचारलं. "मी हरले?"

"नाही गं राणी. तू नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "एकदा परत खेळायचं. शेवटचं."

खारू लगेच तयार झाली. हेडफोन चढवताना तिने आईचा गाल ओला आहे का ते बोटाने तपासलं आणि बटण घेऊन ताठ बसली. दार लागलं. बाहेर येऊन तिने पिन जोडणीत घातली, टक् असं बसेपर्यंत दाबली, मग दुसरे हेडफोन स्वतःच्या कानांना लावून आवाज जातोय ना ते पाहिलं. हे रोज सकाळी करायचं असतं. आज सकाळी ती त्या वेळात डोळे मिटून बसली होती. काचेला पडदा नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. तिने खुर्ची उचलली, फिरवली, आणि काचेकडे पाठ करून बसली. मशीन बाजूला ओढून घेतलं. समोर आता फक्त भिंत होती आणि भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र.

तिने पहिला आवाज सोडला. नेहमीचा, मधला. ओठ आपोआप हलले, प्रभू, ऐकू दे, आणि ते कुणी पाहिलं नाही. दिवा लागला नाही. तिने चकती वर फिरवली. दिवा लागला नाही. आणखी वर. भीती आता पायांकडून वर चढत होती, गार पाण्यासारखी, गुडघ्यांपर्यंत, मांड्यांपर्यंत. इतका मोठा आवाज बाहेरच्या बाकावरच्या एखाद्या म्हाताऱ्यालाही ऐकू आला असता. तिने आणखी वर नेला. मग अगदी जाड आवाज लावला, पोटात घुमणारा, आणि चकती जवळजवळ शेवटाला नेली तेव्हा दिवा क्षणभर लागला आणि विझला. तिने आलेखावर खूण केली. कागदाच्या तळाशी. तिने आजवर कितीतरी लोकांच्या आलेखांवर अशा खुणा केल्या होत्या, हात न हलता. ही खूण वाकडी आली. पण ती खरी होती, तेवढं तिला कळत होतं, आणि खरं इतकं भीतिदायक असेल असं तिला वाटलं नव्हतं.

दुसरा कान. पुन्हा मधल्या आवाजापासून. दिवा नाही. चकती वर. नाही. आणखी वर. मागे काचेवर टकटक झाली, मग टेबलावरच्या स्पीकरमधून खारूचा आवाज आला, मोठा, गोंधळलेला.

"आई, इकडे बघ ना. तू तिकडे तोंड केलंयस म्हणून मला ऐकू येत नाहीये."

तिचं सगळं अंग वळायला निघालं. मान, खांदे, खुर्चीतलं वजन, सगळं. फक्त वळायचं, पोरीला हसून दाखवायचं, डोळे मिटायचे, आणि दिवा लागेल. लगेच लागेल. तिने टेबलाची कड धरली. मागे काचेवर तळहात आपटत होता. पोर आता घाबरली होती. तिला वाटत होतं आई रागावली, आईने आपल्याला टाकलं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून आई पाठ फिरवून बसली. आणि आई हाताच्या अंतरावर होती, तिच्यासाठीच बसली होती, पोरीचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता, आणि ती वळू शकत नव्हती. तिच्या मनात त्या वेळी आणखी एक पाठ आली, देवाची, सासूबाईंच्या कुंपणापलीकडची, बागेतली, आपल्या सगळ्या रात्रींमधली. त्या पाठीला चेहरा असेल का, आणि असला तर तो कसा असेल, हे तिला माहीत नव्हतं. विचारायची भीती वाटली. तिने विचारलं नाही.

"आई, मी काय केलं?" स्पीकरमधून आलं. "मी परत नीट करते. इकडे बघ."

तिने चकती आणखी एक घर वर सरकवली, डोळे उघडे ठेवले, आणि दिव्याकडे बघत पुढचा आवाज सोडला.